दुपारचं मर्तिक

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणायचे, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं होतं. दाराला कुलूप लावून जिना उतरायला लागला, की अर्ध्यावरून परत वर यायचा आणि कुलूप ओढून बघायचा. गॅस बंद केला का, हे बायकोला विचारायचा, मग स्वतः जाऊन बघायचा, आणि आपण बघताना धक्का लागून चालू तर झाला नाही ना, म्हणून पुन्हा बघायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. या गृहस्थाला वैऱ्याची गरजच नव्हती, सगळा कारभार घरच्या घरी चालायचा.

असा माणूस घरात म्हणजे डोक्याला ताप, पण प्रोग्रामरच्या नोकरीत तो सोन्याच्या भावानं खपतो. लोकांना वाटतं, प्रोग्रामर म्हणजे दिवसभर कीबोर्ड बडवणारा माणूस. खरं म्हणजे तो बराच वेळ पडद्याकडे तोंड वासून बसलेला असतो. काल चालणारी गोष्ट आज का चालत नाही, या विचारात अर्धा दिवस जातो. उरलेल्या अर्ध्यात त्याला कळतं, की ती कालही चालायला नको होती, चालली कशी कोण जाणे. मशीनला अक्कल नसते पण ते आज्ञाधारक असतं, आणि बिनडोक आज्ञाधारकासारखा धोकादायक प्राणी नाही. सांगितलं तेच करणार. तुम्हाला काय म्हणायचं होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून 'पण असं झालं तर?' हे विचारणारा एक तरी कटकट्या टीममध्ये लागतो. शंकासुराला त्याचाच पगार मिळायचा.

त्याची कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंट आला की त्याची नोंद, त्याचा पलंग, औषधं, जेवण, तपासण्या, सगळं पडद्यावर. शंकासुराकडे या सगळ्याचा शेवटचा भाग होता. पेशंट वारला की काय काय थांबवायचं, हे तो भाग बघायचा. औषधांचे हुकूम बंद करायचे, जेवण रद्द करायचं, पलंग रिकामा दाखवायचा आणि जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर मेसेज पाठवायचा. हा भाग कुणालाच नको होता. दिवसभर मरणाचा कोड कोण लिहिणार? शंकासुराला मात्र भीती वाटायची, की दुसऱ्या कुणी तो लिहिला तर वारलेल्या माणसाच्या नावानं दोन दिवस सूप जात राहील. म्हणून त्यानं तो आपण होऊन मागून घेतला होता.

त्या मेसेजवर तर त्यानं जीव ओतला होता. आधी 'आपले नातेवाईक' असं लिहायचं ठरलं होतं. तो म्हणाला, बातमीच अशी आहे, निदान नातं तरी नीट लिहा. मग फॉर्ममधलं नातं उचलून वाक्यात घालायचं ठरलं, तर मशीननं पहिल्याच फटक्यात 'आपल्या मुलगाचे निधन' असं लिहून दाखवलं. मशीनला 'मुलगा'चं 'मुलाचे' होतं आणि 'वडील'चं 'वडिलांचे' होतं, हे कोण शिकवणार? यानं बसून एकेक नातं शिकवलं. सासरे, जावई, नणंद, भाचा, सगळे. अशी बातमी मेसेजनं द्यावीच का, म्हणून त्यानं हुज्जतही घातली. पण फोन लागला नाही तर काय, असं रुग्णालयवाल्यांनी विचारलं, आणि 'असं झालं तर?' या प्रश्नापुढे शंकासुराचं काय चालणार? 

लिहिलेलं रोज तपासावं लागतं. त्यासाठी रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची हुबेहूब नक्कल ऑफिसात ठेवलेली होती. खऱ्याला म्हणायचं लाइव्ह आणि नकलेला म्हणायचं टेस्ट. नकलेत काहीही करा, कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि रात्री ती आपोआप पुन्हा पहिल्यासारखी होते. आणि या नकलेत मरायला एक पेशंट लागतो.

त्यानं आईला घेतलं.

यात वाईट हेतू काही नव्हता, उलट हिशेबीपणा होता. त्याची आई एकोणतीस फेब्रुवारीची. चार वर्षांतून एकदा येणारी ही तारीख भल्याभल्या प्रोग्रामांना पचत नाही, वय मोजताना ते तोंडावर आपटतात. म्हणजे टेस्टसाठी याहून चांगली तारीख शोधून सापडली नसती. तारीख आईची, मग नाव कुठून आणायचं, तेही आईचंच टाकलं. जवळचा नातेवाईक म्हणून स्वतःचा नंबर टाकला. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपोआप सुरू व्हायचा, त्या नावाचा आणि तारखेचा पेशंट शोधायचा, डॉक्टरच्या सहीची वाट न बघता त्याला मृत करायचा आणि सगळं नीट बंद झालं का ते तपासायचा. शेवटी शंकासुराच्या फोनवर मेसेज यायचा: 'कळवण्यास दुःख होते की आपल्या आईचे निधन झाले आहे. कृपया वॉर्डशी संपर्क साधावा.' मेसेज आला म्हणजे सगळं ठीक चाललंय.

पहिल्यांदा तो आला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला होता. घास तसाच ठेवून त्यानं घरी फोन लावला होता. आई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ती 'हॅलो' कधी म्हणत नसे. "बोला, लाइन लागली," ती म्हणाली, आणि याचा जीव भांड्यात पडला. पुढे सवय झाली. सवय ही फार निर्लज्ज गोष्ट आहे. महिन्याभरात तो एका हातानं जेवत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आईचं निधन पुसून टाकायला लागला. समोरच्या टेबलावर एक सहकारी बसायचा. तो दिवसभर कप हातात घेऊन फिरायचा, म्हणून त्याला कपबशी म्हणत. तो रोज विचारायचा, "काय शंकासुरा, मर्तिक उरकलं का?" हा म्हणायचा, "उरकलं." आणि दोघं ताक प्यायचे.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. सांगायचं त्याच्या मनात बरेचदा यायचं, पण कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि मग एका संध्याकाळी त्याच्या हातून ती गोष्ट घडली. रुग्णालयात त्या दिवशी नवं नेटवर्क बसवलं होतं. आपल्या मशीनवरून लाइव्हशी लाइन लागते की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. कुठल्या मशीनशी बोलायचं, हे सांगणारी त्याच्या प्रोग्राममध्ये एकच ओळ होती आणि त्या ओळीत एकच शब्द होता, 'टेस्ट'. तो खोडून त्यानं तिथं 'लाइव्ह' लिहिलं. लाइन लागली. आता शब्द परत बदलायचा, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अरे, लगेच नीघ. आईंच्या छातीत धडधडतंय, घाम फुटलाय. मी त्यांना घेऊन निघतेय."

तो खुर्चीवरून उठला आणि तसाच धावला. कुलूप तीनतीनदा ओढून बघणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. वळला नाही तर तो शंकासुर कसला? पण आई म्हटल्यावर शंका घ्यायलाही सवड लागते.

बायकोनं आईला जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं होतं आणि फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून त्याचा नंबर दिला होता. तिथं यांचंच सॉफ्टवेअर होतं, नवं नेटवर्क बसलं होतं तेही तिथंच. स्वतःच्या हातचं जेवायला बिचकणाऱ्या आचाऱ्यासारखा तो तिथल्या पडद्यांकडे बघत बसला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत, अशा वेळी रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची भीती असते. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन वेळच्या वेळी जायला हवं, एकही चुकता कामा नये. दोन-तीन दिवसांत बरं वाटेल. शंकासुरानं 'एकही चुकता कामा नये' एवढंच ऐकलं आणि रात्रभर तेच घोकत पडला.

सकाळी आईला बरं वाटत होतं. तिनंच त्याला हाकललं. "तू इथं बसून माझ्याकडे असा टक लावून बघतोस, त्यानंच माझी धडधड वाढते. जा कामाला." बायको दुपारपर्यंत थांबणार होती. मग तिला शाळेत जाणं भाग होतं, ती शिक्षिका आणि मुलांच्या परीक्षा चालू होत्या. ती गेल्यावर ताई येणार होती. मधे तासभर आई एकटी राहणार, तेवढ्यात काय होतंय, असं सगळ्यांचं मत पडलं. शंकासुराचं सोडून, पण त्याचं मत कोण विचारतंय?

ऑफिसात दिवसभर मीटिंग. जेवणाच्या सुट्टीलाही ती संपेना, म्हणून डबे तिथंच उघडले. साहेब काहीतरी समजावून सांगत होते. शंकासुराचा फोन टेबलावर थरथरला. 'कळवण्यास दुःख होते की आपल्या आईचे...' एवढं दिसलं आणि त्याच्या अंगठ्यानं रोजच्या सवयीनं तो मेसेज पुसला. त्यानं पुढचा घास घेतला.

मीटिंग सुटल्यावर कपबशी कप घेऊन शेजारी आला.

"आज तुझं मर्तिक राहिलं म्हणायचं."

"राहिलं कुठे? झालं की मघाशी. मेसेज आला."

"कसा येईल? टेस्ट सर्व्हर सकाळपासून बंद आहे. दुरुस्ती चाललीय."

 एरवी हजार शंका काढणाऱ्या शंकासुराच्या डोक्यात त्या वेळी फक्त एकच होती, आणि ती शंकाच राहावी म्हणून तो मनातल्या मनात कुणाकुणाच्या पाया पडत होता. टेस्ट बंद. मग मेसेज टेस्टमधून आलेला नाही. त्याला असा मेसेज पाठवणारं दुसरं मशीन जगात एकच होतं, आणि आई तिथंच झोपली होती.

त्यानं आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. 'बोला, लाइन लागली' एवढे तीन शब्द त्याला हवे होते. रिंग वाजून वाजून थांबली. त्यानं परत लावला, परत थांबली. वॉर्डचा नंबर एंगेज. बायकोचा फोन बंद, कारण परीक्षेच्या खोलीत फोन चालत नाही. ताई म्हणाली, "मी अजून रस्त्यातच आहे, का रे, काय झालं?" यानं "काही नाही" म्हणून फोन ठेवला. काही नाही! तो दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत होता, आणि बहिणीला सांगत होता काही नाही.

टॅक्सीत बसल्यावर ती पुसलेली ओळ त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली. अक्षरं त्याचीच होती, 'आई'चं 'आईचे' त्यानंच करून दिलं होतं. बातमी खरी असेल तर ती आली तेव्हा आपण जेवत होतो. आपण ती पुसली आणि वर भाजीचं तोंडभरून कौतुकही केलं. सिग्नलला टॅक्सी थांबली की तो दाराच्या मुठीला हात घालायचा. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उतरून धावलात तर माझ्या आधी पोचाल, पण दम लागेल." 

वॉर्डच्या दारातच सिस्टरांचं टेबल होतं. टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत आईच्या चपला, चष्म्याचं घर, कंगवा आणि फोन. फोनच्या पडद्यावर त्याचेच न उचललेले कॉल दिसत होते. माणूस गेला की त्याच्या वस्तू अशाच एका पिशवीत भरून ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. तसं करायची सूचनाही त्याचाच प्रोग्राम पाठवायचा. त्यानं टेबलाची कड धरली. त्याला रडूही येईना.

इतक्यात आतून आवाज आला.

"रिकामा आहे म्हणे! मग मी कोण बसलेय इथं, उशी?"

आई पलंगाच्या मधोमध मांडी घालून बसली होती आणि समोर एक मावशी धुतलेली चादर घेऊन उभ्या होत्या. "मला काय ठाऊक आजी," मावशी म्हणत होत्या, "वरून सांगितलं, पलंग रिकामा झालाय, आवरून घ्या. मी सामान आवरलं. तुम्ही बाथरूममधून बाहेर याल, हे मला काय ठाऊक?"

"आणि माझं जेवण?"

"ते पण आलं नाही. तुमचं नावच नाही ना यादीत."

शंकासुर मधे जाऊन आईच्या पायाशी बसला आणि तिचा घोटा घट्ट धरून ठेवला. घोटा गरम होता. आईनं त्याच्याकडे वरून बघितलं. "तू कशाला आलास? आणि हा काय अवतार? शर्टाला डाळ लागलीय."

आनंदाला त्याच्याकडे वेळ नव्हता. आई जिवंत आहे म्हटल्यावर सगळा उलगडा एका झटक्यात झाला: ती ओळ, तो शब्द, बायकोचा फोन, अर्धवट सोडून पळालेला तो. त्याच्या प्रोग्रामनं आज खऱ्या रुग्णालयात जाऊन त्या नावाचा आणि तारखेचा पेशंट शोधला होता. तिथं दुसरं कुणीही असतं, तर पेशंट सापडला नाही म्हणून तो निमूट परत आला असता. सबंध जगात त्या चुकीनं इजा होईल असं माणूस एकच होतं, आणि नेमकं तेच काल रात्री तिथं दाखल झालं होतं.

"सिस्टर," तो ओरडला, "दुपारचं इंजेक्शन दिलंत का?"

सिस्टर चक्रावल्या. "नाही. पडद्यावर आलंच नाही. आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी बंद केलं."

एकही चुकता कामा नये. वेळ होऊन गेली होती. सिस्टरांनी मशीन उघडलं, तर आईच्या नावापुढे 'मृत'. त्यांनी आईकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आई म्हणाली, "काय झालं? माझं तिकीट फाटलं का?"

"माझ्या हातून झालं," शंकासुर म्हणाला. "हे सॉफ्टवेअर मी लिहिलंय. एक शब्द चुकीचा राहिला. तुम्ही आधी इंजेक्शन द्या, मग मला काय बोलायचं ते बोला."

"देते हो, पण कुठून? औषधाचं कपाट पडद्यावर पेशंट असल्याशिवाय उघडतच नाही. तुम्ही यांना जिवंत करा ना लगेच. बटण असेल ना?"

बटण नव्हतं. आणि का नव्हतं, हे शंकासुराएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. मृत्यूची नोंद मागे घेण्याचं बटण ठेवावं का, यावर पूर्वी मीटिंग झाली होती. तेव्हा हाच टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "मेलेला माणूस परत जिवंत होत नाही. कुणी चुकून बटण दाबलं, तर मेलेल्याच्या नावानं औषधं सुटतील. असं झालं तर?" सगळ्यांनी मान डोलावली होती. 

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, मग नव्यानं दाखल करून घेऊ, दोन मिनिटांचं काम. नाव टाकलं, तारीख टाकली, आणि मशीननं ठणकावून सांगितलं: 'या नावाचा व जन्मतारखेचा पेशंट आधीच नोंदलेला आहे. स्थिती: मृत.' हीही शंकासुराचीच करामत. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या आणि दोनदा औषध गेलं तर? त्यानं सगळी दारं अशी पक्की लावून घेतली होती, की आता स्वतःच्याच आईला आत घ्यायला जागा उरली नव्हती.

"तारीख एका दिवसानं बदला," तो घाईघाईनं म्हणाला. "एक मार्च टाका."

"मुळीच नाही," आई पलंगावरून म्हणाली. "आधीच चार वर्षांनी एकदा वाढदिवस येतो माझा. तोही काढून घेतोस?"

"आई, अगं ही वेळ आहे का? तुला गुठळी झाली म्हणजे?"

"होऊ दे. तारीख माझ्या आईनं दिलीय, ती बदलायची नाही. नाव बदल हवं तर. नाव तसंही एकदा बदलून झालंय." आणि मग जरा थांबून ती म्हणाली, "माहेरचं घाल."

 आई पाठ ताठ करून बसली आणि एक्स्चेंजवर नंबर सांगावा तसं एकेक अक्षर सुटं करून तिनं आपलं माहेरचं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. डॉक्टरबाईंनी ते टाकलं, दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत असा शेरा लिहिला, आणि मशीननं ते नाव मुकाट्यानं घेतलं. कपाट उघडलं. इंजेक्शन देण्याआधी पेशंटला नाव विचारायचा नियम असतो. सिस्टरांनी विचारलं, "आजी, पूर्ण नाव?" तर आईनं ते वर्गात हजेरी द्यावी तसं खणखणीत सांगितलं. सुई गेली. शंकासुर भिंतीला टेकून खाली बसला.

मग त्यानं कपबशीला फोन करून ती ओळ बदलायला सांगितली, आणि बदलल्यावर पुन्हा वाचून दाखवायला सांगितली, तीनदा. साहेबांचाही फोन आला. ते म्हणाले, रुग्णालयाला कळवताना नेटवर्क गेलं होतं म्हण. हा म्हणाला, "मी आधीच सांगून टाकलंय साहेब."  साहेब उद्या भेटू म्हणाले. उद्याचं उद्या, असं शंकासुराला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

डॉक्टर संध्याकाळी येऊन तपासून गेले. वेळ थोडी टळली होती, पण धोका टळला, असं म्हणाले. ताई खाली चहाला गेली. आईचं ताट आलं होतं. तिनं ते बाजूला सारलं आणि म्हणाली, "आता नीट सांग. मला मारलंस म्हणजे काय केलंस?"

त्यानं सगळं सांगितलं. एकोणतीस फेब्रुवारी, टेस्ट, रोजची दुपार. आईनं मधे एकदाच विचारलं, "रोज?" तो म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी नाही."

"बरं आहे, निदान रविवारी तरी जगू देत होतास." तिनं पांघरूण सारखं केलं. "आणि मी मेले, की तुला मेसेज येतो."

"हो."

"आज आला तेव्हा काय केलंस?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. मेसेज बघताक्षणी धावत सुटलो, असं म्हटलं असतं, तर विचारायला कोण येणार होतं?

"पुसला," तो म्हणाला. "जेवत होतो. सवयीनं पुसला."

आई खिडकीकडे बघत राहिली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि त्या वेळी त्याला जी भीती वाटली ती सबंध दिवसातली सगळ्यात मोठी होती. शेवटी ती वळली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज ऑपरेटरचाच होता.

"एवढ्या वेळा मारलंस, तर सवय होणारच. माझं काही म्हणणं नाही. फक्त खरा येईल ना, तेव्हा जरा थांब. हातातला घास खाली ठेव. मग पूस."

त्यानं तिच्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि मघापासून न आलेलं रडू त्याला आलं. आई त्याच्या शर्टावरची वाळलेली डाळ नखानं खरवडत राहिली.

ती घरी आली. साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, पण काढलं नाही. एवढ्या शंका काढणारा दुसरा कुठे मिळणार? टेस्टमध्ये आता 'अबक' नावाचा पेशंट मरतो आणि मेसेज कुणालाच जात नाही. जेवणाच्या सुट्टीत शंकासुराचा फोन गप्प पडून असतो. पण त्याचा अंगठा राहत नाही. डबा उघडायच्या आधी तो घरी फोन लावतो.

"बोला, लाइन लागली."

"काही नाही. असंच."

"मग ठेव," आई म्हणते. "मेलेल्या माणसाला जरा सुखानं जेवू दे."